नऊ म्हणजे इतर

अमळनेरच्या एसटीत रंधे मॅडमनी पुन्हा बजावलं :
उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही,
चहा दिला तर घ्यायचा,
पण साखर कुठली हे विचारायचं नाही,
कारण तो प्रश्न बावीस
आणि बावीसच्या आधी एकवीस येतात.

बोरीच्या काठची गल्ली. नदीत क्रिकेट चाललेलं.
माझ्या वाट्याला घरं एकेचाळीस ते साठ.

एकेचाळिसावं कौतिकबाईचं.
ओट्यावर चुलीला खापर उपडं घातलेलं,
उद्याच्या कुणाच्या तरी लग्नाचे मांडे चाललेले.
पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत
तिनं कोपरांपर्यंत पसरवत आणला,
इतका पातळ
की पलीकडचा लिंब त्यातून हिरवट दिसला.
मी पेनाचं टोपण काढलं.

कुटुंबप्रमुख?
"तो सुरतमा शे."
मग इथे कोण?
"आठे मी शे ना."
मी लिहिलं : पुरुष.
सूचनापत्रकात तसंच होतं.

व्यवसाय?
एक शेती, दोन शेतमजुरी, तीन नोकरी,
चार व्यापार, पाच गृहिणी, नऊ इतर.
सहा, सात, आठ कुठे गेले
हे मी पहिल्याच सत्रात विचारलं होतं.
पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेत, असं कळलं.

लग्नसराईत मांडे,
मग दादरची कापणी, मग मिरच्या खुडायच्या,
आषाढात काहीच नाही.
मी नऊला गोल केला.
"त्या कागदमा मन्हं काम कोठे शे?"
मी आकड्यावर बोट ठेवलं.
तिनंही ठेवलं. पिठाचा ठसा उठला,
गोल, रेषा नसलेला.

रेषा खापरानं नेल्या.
रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही.
दुकानदार म्हणतो, धुऊन ये,
तेल लावून ये, सोमवारी ये.
आपण आपणच आहोत
हे शाबीत करायला महिन्याला तीन खेपा.
हे कुठल्याच रकान्यात बसेना.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

वर्गात आम्ही महिनाभर भांडलो होतो,
योजना सगळ्यांना की फक्त गरजूंना.
निंबा अहिरे गरजूंच्या बाजूनं बोलला,
छान बोलला, मीही टाळ्या वाजवल्या.
गरजू ओळखायचा कसा, हा प्रश्न दहा गुणांना आला.
मला साडेसात मिळाले.
यंत्र ओळखतं की नाही
हे माझ्या उत्तरात नव्हतं.

योजनेच्या कागदावर ती लाभार्थी,
माझ्या कागदावर उत्तरदाती.
तिकडे घेणारी, इकडे देणारी.
निघताना तिनं एक मांडा दिला, घडी घालून,
दुधात कुस्करून खा म्हणाली.
प्रश्न बावीस राहूनच गेला.

परतीला मॅडमनी विचारलं, कसे होते नमुने?
निंबा म्हणाला, एकेक नमुना होता मॅडम!
गाडीभर हशा.
मीही हसले, मांड्याची घडी
मोडू नये म्हणून जरा जपून.

माझ्या प्रवेशअर्जावर
आईचा व्यवसाय : गृहिणी.
आई बारा वर्षं दालमिलमध्ये डाळ निवडते,
तिच्या नखांत तुरीची पिवळी भुकटी असते.
कुणी जबरदस्ती केली नव्हती.
अर्ज नीटनेटका दिसावा
एवढंच मला वाटलं होतं.

आता संगणककक्ष, रात्रीचे आठ, ओळ एकेचाळीस.
प्रमुख एक. व्यवसाय नऊ.
बाहेर शिपाई किल्ल्या वाजवतोय.
शेऱ्याच्या रकान्यात मी टंकते :
खापरावर मांडे करते, अंग
आणि जागा संपते.

सहा अजून मोकळाच आहे.
उद्या मॅडमना विचारते.