चार अंश

खोका उघडला की आधी मीठच दिसतं.
पिनांवर हिरवट पापुद्रा,
सिलिका जेलची पुडी निळ्याची गुलाबी झालेली.
कुलाब्याची हवा कुठलंच झाकण मानत नाही.

टेबलावर मी एक खोटा मनोरा उभा करते:
तीनशे अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, मोर्समधली दोन अक्षरं.
रेडिओ कंपासची सुई दचकते, घुटमळते,
मग बोट दाखवते. तिकडे.
टेबलावर सगळंच बरोबर येतं,
म्हणून तर वर जावं लागतं.

तांडेलांच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत,
चष्म्याच्या काडीवर सोल्डरचा वाळका थेंब.
"लाट किनारा ओलांडताना वाकते, बाई.
दिवेलागणीला तर विचारूच नको.
माझा बाप देवळाचा कळस नि मागचा डोंगर
एका रेघेत आणून जाळं टाकायचा.
मग मध्ये बावीस मजले आले.
त्या वर्षी तो पहिल्यांदा चुकला."
एवढं बोलून ते पिना घासत राहिले.

मंगळवारी चाचणी.
मी हेडफोन लावून, कागद पुढ्यात.
हेलिकॉप्टर दीपस्तंभाच्या खडकावर
गोल गोल फिरतं, आणि लेफ्टनंट बारेटोचा आवाज
पात्यांखाली चिरला जाऊन येतो:
पंचेचाळीसला एकोणपन्नास.
नव्वदला नव्वद.
एकशे पस्तीसला एकशे एकतीस.

यंत्र ठीक आहे. मनोराही ठीक.
त्याचंच धड, त्याचीच शेपटी
येणारी लाट जराशी आपल्याकडे ओढून घेते.
हे दुरुस्त होत नसतं.
कार्डावर लिहून
पायलटच्या गुडघ्यासमोर चिकटवायचं असतं.

शेवटी तो नेमका मनोऱ्याच्या माथ्यावर आला
आणि सुई गरगरली, काहीच सांगेना.
"गेली," बारेटो म्हणाला,
पाणी संपलं म्हणावं इतक्या सहज.
ऐन माथ्यावर दिशा नसते.
पोचल्याची खूण तीच.

संध्याकाळी तांडेलांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं.
"सही तू कर."
"तुमची असते ना?"
"असायची."

बारेटोचा चेहरा मी पाहिलेला नाही.
रात्री, धुक्यात, समुद्रावरून परतताना
त्याच्या गुडघ्यापाशी मिणमिणता दिवा असेल,
त्यात माझं अक्षर.
चार जरा मोठा काढला.