चित्र नाही

रान्वा दारात उभी राहिली तेव्हा
ड्रोन तिच्या स्वेटरात गुंडाळलेला होता,
थंडीत जन्मलेलं कोकरू आणतात तसा.
म्हणाली, "हानुसकाका, उडतोय. दिसत नाही."

रात्री तिने त्याला अपडेट दिलं होतं.
पट्टी सरकत सरकत शंभरावर गेली,
खाली अभिनंदनही आलं.
सकाळी दालूरच्या कड्यावर
उंची येत होती, बॅटरी येत होती,
फक्त चित्राच्या जागी काळं.
पफिन कधीच निघून गेलेत, बिळं रिकामी,
त्या शांततेत नुसत्या घरघरीच्या मागे कान लावून
तिने तो परत आणला.
दोन मेंढ्या परवापासून खाली कपारीत अडकल्यात.

मी चौतीस वर्षं जहाजावर रेडिओ सांभाळला.
ग्रीनलंडच्या बाजूला एकदा
तीन रात्री आम्ही एका बोटीला हाका मारत होतो
आणि ती बोट तीन रात्री आम्हाला,
शेजारच्या चॅनेलवर.
तेव्हापासून "बिघडलं" हा शब्द मी
सगळ्यात शेवटी वापरतो.

अँटेना पाहिल्या. एक सैल होती, आवळली. काळं.
केबल काढली, फुंकर मारली, लावली.
(फुंकरीला शास्त्र नाही. सवय आहे.)
काळं.
चॅनेल एकेक करून फिरवले,
रान्वा मोजत राहिली, कॉफी निवत राहिली.
कॅमेरा गरम लागत होता हाताला,
म्हणजे तो बघत होता.
बघून सांगतही होता कुणाला तरी.

मग लक्षात आलं.
हुकूम एका लहरीवर जातो, नजर दुसऱ्या लहरीवर येते.
ड्रोन नव्या आवृत्तीचा झाला,
तिच्या हातातला पडदा जुन्याच आवृत्तीत बसून.
त्यालाही अपडेट दिलं. पट्टी. शंभर. अभिनंदन.
काळं.

रान्वा म्हणाली, "कान पुसले गेले असतील."
आमच्याकडे प्रत्येक घराची मेंढीच्या कानावर
वेगळी खाच असते. खाच नसेल
तर स्वतःच्या गोठ्यातली मेंढीही कुणाचीच नाही.
मी तिच्याकडे पाहिलं.
शाळा सोडलेली ही पोर
माझ्या चौतीस वर्षांच्या पुढे निघून गेली होती.

जोडणीचं बटण टाचणीच्या डोक्याएवढं, आत खोल.
विणायची सुई जाईना.
मासे धरायचा गळ सरळ केला, टोचला,
सात आकडे मोजले.
दिवा लाल, लाल,
मग हिरवा.

पहिलं चित्र आलं ते माझ्याच स्वयंपाकघराचं,
जमिनीलगतून:
टेबलाचा पाय, तिचे चिखलाचे बूट,
आणि गुडघ्यांवर बसलेला कुणी म्हातारा,
दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
तो मी आहे हे कळायला
अर्धा सेकंद उशीर झाला.
एवढा उशीर चालतो म्हणे.

ती कॉफी न पिताच गेली.
उजेड जायच्या आधी तिचा फोन आला.
एक उभी आहे, म्हणाली. दोर घेऊन भाऊ उतरतोय.
दुसरीचं ती काही बोलली नाही.
मी सवयीने विचारलं, "चित्र कसं येतंय?"

"स्वच्छ," म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
"नको इतकं."