पंच क्रमांक दोन

ट्रकचं चाक अर्धवट खोललं होतं
तेव्हा सरकारी जीप थांबली.
"सही करता येते ना? मग चला."
असा मी पंच झालो.

दिवाकर गोंडाणे, वय बेचाळीस,
धंदा पंक्चर, राहणार वरुड रोड.
पंच क्रमांक एक वामन ढोरे, त्याला सह्यांची सवय:
दोन बुडालेले, एक जळीत, वीज पडलेला एक बैल.
संत्र्यावर पहिल्यांदाच.

बोबड्यांच्या कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं.
तीनशे बारा क्रेट,
एकेक फळ मेण लावून पुसलेलं,
शाळेच्या फोटोला बसवलेल्या पोरांसारखं.

निंभोरकर मॅडमनी अहवाल वाचला.
औषधाच्या नावाला त्याही दोनदा अडखळल्या.
मर्यादेच्या नऊ पट, म्हणाल्या.
मी क्रेटवर वाकलो.
नऊ पट कसं दिसतं?
ढोरे म्हणाला, "काई दिसत नाई. पाह्यतं काय?"

वहीत सोळाशे क्रेट होते.
नमुना गेला आणि नागपूरहून उत्तर आलं
त्या मधल्या तेवीस दिवसांत
बाकीचे निघून गेले. रायपूर, बंगळूर,
कुठल्यातरी दवाखान्यासमोरचा ठेला.
पंचनाम्यात त्याला एकच शब्द: शिल्लक.

यार्डामागे जेसीबीनं खड्डा केला.
इतकी संत्री एकदम ओतली
की गुरं उधळल्यासारखा आवाज होतो.
वर चुना, वर फिनाईल.
कुंपणापलीकडे पोट्टे. "एक द्या ना जी."
कोणी हाकललं नाही, कोणी दिलंही नाही.
सुखदेव उईकेही तिथंच उभा होता,
बागेत फवारा मारणारा,
गळ्यात बायकोचा जुना दुपट्टा, जो तो तोंडाला बांधतो.
त्याचा नमुना कोणी घेतला नाही.

खड्ड्यावर एकही माशी बसली नाही.
हे मी सांगितलं. लिहून घेतलं नाही.

"आमच्या समक्ष." सही केली.
पेनाला ग्रीस लागलं, मॅडमनी ते रुमालानं पुसलं.

आता पंचनाम्याबाहेरचं.
गेल्या मंगळवारी बोबड्यांच्या पिकअपला स्टेपनी बसवून दिली.
ड्रायव्हरकडं सुट्टे नव्हते, त्यानं पिशवी दिली.
पाच फळं. आम्ही घरी तिघं.
पोरीनं दोन खाल्ली, साली दप्तरात ठेवल्या,
साल दाबून मैत्रिणींच्या डोळ्यांत फवारायला.
लई गोड होती.

रात्री विचारलं, "पोट-गिट दुखते काय वं?"
"नाई. काहून?"
"असंच."

ती झोपली. बोटांना अजून वास होता, की मला वाटला.
मी दोनदा उठलो, दिवा लावून पाहिलं
छातीचं वर-खाली,
माझ्या समक्ष.