याहून मोठी

पाळक परभणीला गेले, लेकीच्या घरी.
जाताना म्हणाले, शांतवन, या रविवारी तू बोल.
योहान, चौदावा अध्याय, बारावं वचन.

मी चपला शिवणारा माणूस.
आठवडाभर ते एक वचन
रापीसारखं दगडावर घासत बसलो.
मी केली ती कामं तुम्ही कराल.
आणि याहून मोठी.

मोठी?
त्यानं हात लावला, चट्टे गेले.
मी हात लावतो तेव्हा द्वारकाबाईला
कळतसुद्धा नाही तळव्याला काही लागलंय.
गेल्या पौषात टाचेत बाभळीचा काटा
तीन दिवस तसाच, ती तूर सोंगत राहिली.

अंबड रस्त्यावरच्या दवाखान्यात, गुरुवारी,
ती कागदावर पाय ठेवते, मी पेन्सिल फिरवतो.
जखमेच्या जागी फुली.
मऊ काळं रबर, फुलीखाली खोलगट,
सगळं शिवून, चिकटवून.
खिळा एकही नाही.
या पायांना खिळा चालत नाही.

(इथं कागदावर लिहिताना थांबलो.
दुसरे पाय आठवले.)

रविवारी लाईट गेलेली.
पुढच्या बाकावर एलिशा मास्तर, कानामागं हात धरून.
म्हणालो: दहा बरे झाले, परत आला एकच.
माझ्याकडे दहाच्या दहा येतात,
सहा महिन्यांनी, सोल झिजला की.
आभार कुणी मानत नाही,
पट्टा आवळतो म्हणून भांडतात मात्र.
बाया हसल्या.

पुढं लिहिलंय, कारण मी जातो.
जाणारा हत्यारं मागं ठेवतो, एवढं मला ठाऊक आहे.
बापानं ही रापी अशीच ठेवली,
उशाशी, न बोलता.
मोठी म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही.
लांब असेल, असं वाटतं.
त्याला तीन वर्षं मिळाली.
आपल्याला गुरुवार दिलेत,
किती, ते सांगितलं नाही.

खाली बसलो.
गाणं कुणी सुरू करेना.

बाहेर, पायरीशी काढलेल्या चपलांजवळ द्वारकाबाई.
ती आमच्यातली नाही, मारुतीचा शनिवार धरते.
भिंतीला टेकून सगळं ऐकलं होतं.
म्हणाली, डावीची शिवण उसवली रे.

आज रविवार आहे, म्हणणार होतो.
पण पिशवीत दाभण होता.