आल्या पावली

खिडकीपासून सुरू कर, मर्व्ह ट्रॅन्टर म्हणाला,
आणि दाराशी संप. मधे परत फिरकायचं नाही.
डडलीतल्या चढावरचं ते घर,
करडा गालिचा अजून ओलसर,
पायात फक्त मोजे, हातात लांब दांड्याचा ब्रश,
मी एकेक पट्टा मागे सरत होतो,
टाच उचलली की तिथली दबलेली लव
लगेच उभी करत.

आई सारवताना अशीच
चुलीकडून उंबऱ्याकडे सरकायची.
तिच्या बोटांची वळणं मात्र राहायची,
आणि सुकायच्या आत
परटांची कोंबडी.

इथे वळणं नकोत. सरळ रेघा,
नुकत्या कापलेल्या हिरवळीसारख्या.
मिसेस हिंगलींना सहा वाजता घर असं हवं
की कुणी आलंच नव्हतं.

दाराशी पोचलो, कंबर सरळ केली,
तर समोर, पार खिडकीत,
माझा थर्मास.

मर्व्ह व्हॅनमध्ये हसत सुटला.
मी चवड्यांवर आत गेलो, सात ढांगा,
थर्मास काखेत मारला
आणि पुन्हा खिडकीपासून सुरू केलं.

चहा केव्हाच गार झाला होता.
व्हॅनमध्ये बसून
सगळा प्यायलो.