कलम चार, ओळ दुसरी

तार्तूत फेब्रुवारी. नदीवर बर्फाची जाड साय,
आणि राउनो म्हणतो, मार्वे, दुपारपर्यंत
ती एक ओळ काढून टाकशील ना.
विचारत नाही, सांगतही नाही. मधलंच काहीतरी,
पाय पुसून आत आल्यासारखं.

ओळ तिचीच. सहा वर्षांपूर्वी
ताल्लिनहून येणाऱ्या बसमध्ये, मांडीवर वही ठेवून लिहिलेली:
'आमचं तंत्र कुणाही माणसाला इजा करण्यासाठी वापरलं जाणार नाही.'
तेव्हा ते पाच जण होते, एक हीटर होता,
आणि तंत्र नुसती झाडं मोजायचं.
वरून बघून सांगायचं,
कुठल्या स्प्रूसला कीड लागलीय, कुठला अजून तगेल.
त्याला असली शपथ घालणं
म्हणजे सशाला मटण वर्ज्य करणं.
तरी लिहिली. छान दिसत होती.

आता तेच तंत्र झाडांखालचे ट्रक ओळखतं.
फांद्या त्याच, नजर तीच.
विचारणारा बदलला.

इमारतीला याची सवय आहे.
सोव्हिएत काळात इथे छत्र्यांचा कारखाना होता,
पुढच्या दाराने छत्र्या जात, मागच्या दाराने
पाणबुड्यांना लागणारं कायकाय.
छत्र्या गळायच्या म्हणे.

नवी ओळ वकिलांकडून तयार आलीय:
'कायद्याच्या चौकटीत, जबाबदारीने.'
मार्वे तीनदा वाचते.
चौकट आहे, दार नाही.
जबाबदारी आहे, कर्ता कुठेच नाही.
ताकाला जाऊन भांडं लपवणारी ओळ.
धर्मराजाचं अर्धं वाक्य बुडवायला
निदान शंख तरी फुंकावे लागले होते,
इथे कॉफी मशीनची घरघर पुरली.

पण काल रात्री तानेलचा फोन होता.
धाकटा भाऊ. व्होरूच्या पुढे, सरहद्दीला.
खंदकात नाही अजून, खंदक खणतोय.
तुझ्या वाक्याचं हेल्मेट होत नाही, मार्वे, म्हणाला,
पलीकडचे कुणाला विचारून बनवत नाहीत.
मग म्हणाला, लोकरीचे मोजे पाठव. राखाडी. दोन जोड.
तिला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.
तो खोटं बोलत असता तर किती सोपं होतं.

चौऱ्याण्णव टक्के, राउनो सांगतो,
एवढं अचूक कुणाकडेच नाही.
उरलेले सहा कुठे राहतात, ती विचारते.
तो हसतो. तीही हसते, सवयीने.

गेल्या उन्हाळ्यात चाचणी चालू असताना
तंत्राने जंगलाच्या कडेला
दारूगोळ्याच्या बारा पेट्या दाखवल्या, ओळीने.
गाडी काढून सगळे बघायला गेले.
मधमाश्यांच्या पेट्या.
एल्मार नावाचा म्हातारा, जाळीची टोपी,
हातात धुराचं भांडं. भांड्यामुळे
तो पडद्यावर 'सशस्त्र' होता.
त्याने सगळ्यांना राईच्या ब्रेडवर मध दिला.
परतीच्या वाटेवर गाडीत कोण हसलं!
हसता आलं, कारण चूक आणि म्हातारा यांच्यामध्ये
त्या दिवशी चाळीस किलोमीटर रस्ता होता.

पावणेबारा.
ती ओळ निवडते. ओळ निळी होते.
काढल्यावर खालची ओळ वर सरकते,
रांगेतला पुढचा माणूस गेला की
मागचा सरकतो तशी, कोण गेलं ते न बघता.

मग संगणक नेहमीसारखं विचारतो: काय बदललं?
ही जागा रिकामी सोडता येत नाही.
'किरकोळ दुरुस्ती', ती लिहिते. खोडते.
'माझा भाऊ', लिहिते. खोडते.
जिन्यात कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडतंय.
'मधमाश्यांच्या पेट्या. बारा',
लिहिते, आणि जतन करते.

जेवणाच्या सुट्टीत मोज्यांचं दुकान गाठते.
राखाडी संपलेत.
हिरवे घेते, दोन जोड,
म्हणजे झाडीत दिसायला नकोत.