सामानाची यादी, तीन प्रतींत

नियम पहिला: सामान सकाळी दहा ते दुपारी चार.
नियम दुसरा: लिफ्ट माणसांसाठी आहे.
तिसऱ्यावर पोचेपर्यंत लोटलीकरांनी
चष्मा पुसून अर्ज पुढे सरकवला.
"वहिनी, तीन प्रती. आणि यादी. नगांसकट."

मिरकरवाड्याहून नाचण्याला यायला
रिक्षाला लागतात वीस मिनिटं,
मला लागले सव्वीस दिवस.
जुन्या मालकाची ना हरकत,
पाणीपट्टी थकली नसल्याचा दाखला,
पोलीस ठाण्यात भाडेकरूंची नोंद, फोटो दोन.
रेशनकार्डावर पत्ता बदलायचा तर नव्या घराचं वीजबिल हवं,
वीजबिलावर नाव हवं तर रेशनकार्ड.
हे पुरवठा शाखेतल्या बाईंनी सांगितलं
डबा खाता खाता. पडवळाची भाजी होती.
मला त्यांचा रागसुद्धा धड आला नाही.

यादीला बसले रात्री.
कपाट, लोखंडी, एक. (दार लागत नाही, हे लिहायचं का?)
पिंपं दोन. पाटा एक. वरवंटा
सापडेना.
जाळं विणायच्या सुया, मोजल्या नाहीत.
आमसुलांची बरणी.
सोड्यांच्या डब्यापुढे लिहिलं "किरकोळ",
कारण नियम अकरा: गच्चीत, गॅलरीत, सामाईक जागेत
मासळी वाळत घालू नये.
वाळलेली डब्यात असण्याबद्दल
नियम गप्प आहे.

कुटुंबप्रमुखाची सही.
हरेश्वर बोटीवर, रेंजच्या पलीकडे.
बंदर सोडताना त्यालाही टोकन लागतं,
खलाशांची नावं, कार्डं, डिझेलचा हिशेब.
आमच्या घरात परवानगीवाचून
कुणीच हलत नाही.
लोटलीकर म्हणाले, येऊ देत त्यांना, मग बघू.
म्हटलं, एक तारखेला माझ्या खोलीत दुसरी माणसं येतायत.
ते कॅलेंडरकडे बघत राहिले.
मी पेन घेतलं आणि त्या रेघेवर लिहिलं:
सुगंधा हरेश्वर दोरलेकर.
एवढी सावकाश सही मी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती.
शिक्का तिरका पडला.
पण पडला.

टेम्पो निजाम फणसोपकरचा.
बाजारात मोठ्या गाड्यांना नऊ ते एक बंदी,
म्हणून मुरुगवाड्याकडून वळसा.
मारुती मंदिरापाशी हवालदारानं हात केला,
ताडपत्री उचलली, वास घेतला.
"घर बदलताय?"
"नाय साहेब," निजाम म्हणाला, "दर्या हलवतोय."
हवालदार पोट धरून हसला,
आणि पावती फाडली. दोनशे.

साडेतीनला कपाट अडकलं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.
"वयनी, ह्यां काय मावायचां नाय जिन्यात."
शेजारी लिफ्ट उभी, रिकामी, आत दिवा.
सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कुणी बोललं नाही.
दारं काढली, कप्पे काढले, मग पुन्हा उभं, मग आडवं.
तीन पंचावन्नला शेवटचा नग वर.
घड्याळ बघत उभ्या लोटलीकरांनी
मध्येच एक कप्पा उचलला होता;
मग आठवण झाल्यासारखा
भिंतीला टेकवून ठेवला.

यादीत नसलेली वस्तू एकच:
जुन्या जिन्यातला बल्ब.
चार वर्षं माझ्या पैशांनी जळला,
वरचे-खालचे सगळे त्याच्याच उजेडात चढले.
राहू दे म्हटलं होतं.
मग निघताना उतरवलाच,
परकरात गुंडाळून पर्समध्ये घातला.
चोरी म्हणा.

इथे तिसऱ्या मजल्याचा जिना मिट्ट काळोख.
सामाईक दिव्यासाठी अर्ज, नमुना ग;
समिती बसते दर दुसऱ्या रविवारी.
हरेश्वर येईल तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील,
हातात पिशवी, खिशात ओलसर चिठ्ठीवर नवा पत्ता.

स्टूल घेतलं. (स्टूल, लाकडी, एक.)
होल्डर खाऱ्या हवेनं गंजलेला,
दोनदा फिरवला तेव्हा लागला.
खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं,
वर बघितलं,
आणि कडी न वाजवता
लावून घेतलं.